कोरे लंगोट घेऊन कोल्हापूरला

लांबच्या प्रवासाला निघताना कुणी थर्मास घेतं, कुणी कॅमेरा घेतं. मी लंगोट घेतले. दीड पिशवी भरून लंगोट, दुपटी, एक मेणकापड आणि सीताबर्डीच्या दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या दोन चड्ड्या. या सामानावरून निघायच्या दिवसापर्यंत आमच्या खोलीत वाद चालला होता. वाद घालायला माणूस एकच होतं, शेजारच्या वानखेडेकाकू.

"नवं कापड कायले घेतलं वं? मायचं लुगडं हाये ना पेटीत!" काकू रोज विचारायच्या.

तान्ह्या पोराला लंगोट जुन्याच कापडाचे करायचे असतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आईची ती साडी पांढरी, बारीक निळ्या काठाची. विहारात जाताना नेसायची. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की हातातून घसरायची. लंगोटाला त्याहून चांगलं कापड सापडलं नसतं. पण आई माझ्या बाळंतपणाच्या आधीच गेली आणि त्या साडीला कात्री लावायला बसले की माझा हात चालेना. शेवटी कोरी मलमल आणली आणि काकूंच्या मशीनवर लंगोट शिवले. दिसायला झकास. नाड्यासुद्धा एकसारख्या. फक्त पाणी पीत नव्हते. कोऱ्या कापडात खळ असते, ती दोन-चार धुण्यांत जात नाही. मितूनं शू केली की अळूच्या पानावरून ओघळावी तशी ती बाजूनं बाहेर यायची.

मितू म्हणजे संघमित्रा, माझी मुलगी. तेव्हा तिला चौथा महिना लागला होता. तिचे बाबा दिलीप आखातात रस्त्याच्या कामावर. मला सातवा महिना होता तेव्हा गेले, आणि करार संपेपर्यंत सुट्टी नाही. पोरीला धरायला कुणी नाही म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली होती. नव्वदीचं दशक संपत आलेलं. महिन्यातून एकदा काकूंच्या घरच्या फोनवर मितूच्या बाबांचा आवाज यायचा, तोही अर्धा खरखरीत विरून जायचा.

सासर होतं कोल्हापूरला, कसबा बावड्यात. शेती, दोन म्हशी, मराठ्याचं घर. मी नागपूरची, माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आमच्या लग्नाला बावड्याहून कुणी आलं नाही आणि त्यानंतर कुणी बोलावलंही नाही. मग अचानक एक दिवस नणंदेचा, शोभाचा, काकूंकडे फोन आला.

"वैनी, आई म्हणत्यात, प्वार दाखवून जावा."

मी त्यातलं 'दाखवून' ऐकलं आणि 'जावा' सोडून दिलं. सरळच सांगते, माझ्या मनात होतं की एकदा मितूला पाहिलं की ही माणसं म्हणतील, एकटी कशाला राहतेस तिकडे, दिलीप येईपर्यंत राहा इथंच. तेवढ्या एका शब्दासाठी मी महाराष्ट्राच्या या टोकावरून त्या टोकाला निघाले. आईची साडी बॅगेच्या तळाशी ठेवली. का घेतली विचारू नका. रिकाम्या खोलीत तिला एकटी ठेववेना.

गाडीत

प्लॅस्टिकच्या चड्डीचं एक शास्त्र आहे. आतल्या लंगोटाचं टोक नखभर जरी बाहेर राहिलं तरी सगळं पाणी त्या टोकावाटे बाहेर चालू लागतं. म्हणून बांधून झाल्यावर मांडीभोवती बोट फिरवून बघायचं. नाडी बेंबीच्या खाली. मुलगी असेल तर घडीची जाडी मध्ये आणि मागे, मुलगा असेल तर पुढे. हे सगळं मला पाठ होतं. हलत्या गाडीत एका हातानं पोर धरून ते करणं मात्र निराळं. मनमाड मागे पडलं आणि टोक बाहेर राहिलंच. शेजारी मिरजेला उतरणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या इरकली साडीवर ओला नकाशा उमटला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र खदखदून हसल्या. "असू दे की! तान्ह्या लेकराचं काय मनावर घ्यायचं? माझ्या अंगावर पाच जणांनी केलंया." मग मितूला मांडीवर घेतलं, तिच्या गालाला हात लावून बोटं मोडली आणि मला विचारलं, "कुनापैकी म्हनायचं तुमी?"

जातीचा हा प्रश्न आमच्याकडेही विचारतात, पण जरा वळसे घालून. मी म्हटलं, "नागपूरची." त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी ओला लंगोट पिशवीत कोंबला. पुढे मिरजेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, मितू मात्र त्यांच्याच मांडीवर झोपली होती. बाईंना दोष देत नाही, उतरताना त्यांनी मितूच्या मुठीत चिक्की कोंबली. चार महिन्यांच्या पोरीच्या!

कसबा बावडा

कोल्हापूर स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, "कुठं वैनी? बावडा? चला की." रस्ताभर तो माझ्याशी ओरडूनच बोलत होता. रागावलाय की काय असं मला वाटलं. नंतर कळलं, इथं प्रेमानंही ओरडूनच बोलतात. उसाचे ट्रॅक्टर रांगेनं उभे होते, कारखान्याच्या मळीचा गोडसर आंबूस वास हवेत बसलेला. थंडी नागपूरपेक्षा कमी, पण कोवळी. मितू कुंचीतून डोळे मिचकावत होती.

घर साधं, पत्र्याचं. पुढं सिमेंटचा कट्टा, शेजारी गोठा. दारात शोभा उभी. गल्लीतच तिचं सासर, त्यामुळे ती दिवसातून दहादा माहेरी. "मी आलो की लगेच, रिक्षाचा आवाज ऐकला न्हाय तवर!" ती म्हणाली. इथल्या पोरी स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, त्याची मला फार मौज वाटली. तिनं कानात सांगितलं, "आईला आत्याबाई म्हना, आबांस्नी मामंजी."

आमच्याकडे सासूला सरळ आई म्हणतात. ते मला जमलं नसतं. आत्याबाई हा शब्द मिळाला आणि माझ्या जिवावरचं एक ओझं उतरलं.

आत्याबाई उंच, हाडापेरानं मोठ्या, हिरवं नऊवारी नेसलेल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा आणि पाणी मितूवरून ओवाळून टाकलं. माझ्यावरूनही टाकलं, पण माझ्याकडे न बघता. मग म्हणाल्या, "आत ये. पोरीला वाऱ्यात धरू नगंस." पोरगी मात्र हातात घेतली नाही.

मामंजी कट्ट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मी वाकले तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. आशीर्वाद दिला की नाही, मला ऐकू आलं नाही.

जेवायला मटण होतं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि जोंधळ्याची भाकरी एवढी मोठी की ताट दिसेना. आमच्या सावजी रश्श्याच्या तिखटाबद्दल आम्ही नागपूरकर फार मिरवतो. तो अंगावर धावून येतो, हा पांढरा रस्सा मात्र पाठीवरून हात फिरवतो. मला वेगळं ताट वाढलं होतं, फडताळातून मुद्दाम काढलेलं. बाकीच्यांची ताटं मोरीजवळच्या चळतीतली. कुणी बघत नाही असं पाहून मी जेवण झाल्यावर ताट उलटं केलं. खाली नाव कोरलं होतं, चि. दिलीप. त्यांचं ताट. ते घर सोडून गेल्यापासून कुणाला वाढलं नसावं.

हा मान होता की माझं वेगळं ताट होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मला दोन्ही खरं वाटतं.

वाकळ

दुपारी आत्याबाईंनी मितूसाठी वाकळ अंथरली. आम्ही जिला गोधडी म्हणतो ती, पण इथली चांगली जाड, चौफेर टाके घातलेली. मी लगबगीनं वर मेणकापड घालायला गेले.

"ते कशाला? उबून फोड येत्याल पोरीला," त्या म्हणाल्या.

मी मेणकापड काढलं. त्यांचं पहिलंच म्हणणं मोडायचं कसं? मग कोऱ्या मलमलीनं आपला गुण दाखवला. वाकळ भिजली, आरपार.

आत्याबाईंनी वाकळ उचलली आणि बाहेर गल्लीच्या बाजूच्या तारेवर टाकली. एवढंच. येणारी-जाणारी माणसं बघत होती. वाकळ ओली झाली म्हणून बाहेर घातली, की मी आणलेल्या पोरीनं भिजवली म्हणून? कुणी एक शब्द बोललं असतं तर मला कळलं असतं. पिढ्यान् पिढ्या आमच्या माणसांनी शिवलेलं पाणी लोकांनी ओतून टाकलं. ते डोक्यात असलं की साधी वाळत घातलेली वाकळही साधी दिसत नाही.

त्या दिवसापासून मी पहाऱ्यावर बसले. मितूला एकावर एक दोन लंगोट, वर प्लॅस्टिकची चड्डी, पुन्हा दुपटं. जरा हलली की बोट घालून बघायचं. झोपली तरी उठवून बदलायचं. या घरात आता एक थेंब सांडू द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पोरगी बिचारी आवळून बांधलेल्या गाठोड्यासारखी दिसायची आणि किरकिरायची. घरातली माणसं येत-जात होती, म्हशीला वैरण घालत होती, दूध घालायला डेअरीवर जात होती, मोठमोठ्यानं बोलत होती. आणि मी आतल्या खोलीत लंगोट बदलत बसलेली. नागपूरच्या खोलीत मी एकटी होते. इथं भरल्या घरात एकटी होते, आणि ते अधिक जड जात होतं.

मामंजी माझ्याशी बोलत नसत. संध्याकाळी मितूजवळ येऊन मात्र उभे राहत. एकदा तिलाच विचारलं, "काय गं ए, बाप कवा येनार हाय तुजा?"

मी मितूकडे बघत म्हटलं, "सांग आजोबांना, पावसाळ्यानंतर येतील."

"फोन-बिन करतोय का न्हाय?"

"सांग, महिन्यातून एकदा करतात."

"जेवतोय का नीट, इचार."

"सांग, जेवतात म्हणावं. पण भाकरी मिळत नाही."

मितू दोघांकडे आळीपाळीनं बघून हसली. मामंजी अडकित्ता खिशात घालून गोठ्याकडे गेले.

रंकाळा

शोभानं एका संध्याकाळी मला गाव दाखवायला नेलं. आधी शहरात उभं राहून दूध प्यालो. म्हैस समोर उभी, गवळ्यानं धार काढली आणि फेसाळ ग्लास तसाच हातात दिला. आमच्याकडे दूध पिशवीतून निघतं, त्यामुळे मी ग्लासाऐवजी म्हशीकडेच बघत राहिले. मग रंकाळ्यावर गेलो. सूर्य पाण्यात उतरत होता, भेळेच्या गाड्यांवर बत्त्या लागत होत्या. सगळीकडे जोडपी, पोरं, फुगे. भेळ झणझणीत होती. डोळ्यांतलं पाणी त्या भेळेवर ढकलता आलं.

मी शोभाला विचारलं, "आत्याबाई काही म्हणाल्या का? माझ्या राहण्याबद्दल?"

शोभानं भेळेचा कागद चुरगाळला. कोल्हापूरकर गोड करून सांगत नाहीत. "वैनी, आबा हाईत तवर अवघड हाय. भावकी लई वंगाळ. माझ्या धाकट्या भावाचं लगीन ठरायचं हाय अजून. आईच्या मनात आसंल, पर ती म्हननार न्हाय."

"बरं," मी म्हटलं.

बरं म्हणायला मला फार जोर लावावा लागला. परतीच्या रिक्षात मितूनं दोन लंगोट, चड्डी आणि दुपटं यांना दाद न देता शोभाची शाल भिजवली. "घ्या! आत्तीला परसाद!" शोभा ओरडली. माझ्या तोंडून हसू निघालं नाही.

न्हाणीत

दुसऱ्या दिवशी मी मितूच्या आंघोळीचं पाणी काढत होते तेव्हा आत्याबाई न्हाणीत आल्या. पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाय लांब केले. "आण इकडं," म्हणाल्या.

आल्यापासून त्यांनी मितूला पहिल्यांदा अंगावर घेतलं. पायांच्या घळीत पालथी घातली, तेल जिरवायला हात फिरवला आणि थांबल्या. पोरीच्या दोन्ही मांड्या लालभडक झाल्या होत्या. आवळलेल्या प्लॅस्टिकच्या कडा जिथं रुतत होत्या तिथं कातडं सोललं होतं.

"ह्ये काय केलंस गं?"

"गळू नये म्हणून..."

"गळंल की! लेकरू हाय त्ये, गळनारच! त्याला काय बूच मारतीस व्हय?" त्यांचा आवाज गोठ्यापर्यंत गेला असणार. मग सोडलेला लंगोट उचलून दोन बोटांत चोळला. "कोरं कापड. जुनेर न्हाय तुझ्याकडं? मऊ?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मितूला धुऊन, पुसून माझ्याकडे दिलं आणि आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आल्या त्या एक विटलेलं हिरवं लुगडं घेऊन. दातांत कड धरून चीर पाडली आणि टर्रकन फाडलं. मितू दचकली. मी त्या आवाजानं जागची उठले, खोलीत गेले, मितूला वाकळीवर निजवलं आणि बॅगेच्या तळातून आईची साडी काढून आणली.

आत्याबाईंनी साडी बघितली. काठावरून अंगठा फिरवला.

"आईची?"

"हो."

"तरीच न्हाय म्हनालीस." त्यांनी साडीची घडी उलगडली. "फाडाय गेलतीस?"

"गेले होते. हात चालेना."

"कसा चालंल? गेलेल्या माणसाचं कापड एकटीनं फाडायचं नसतंय. दोघी लागत्यात. एक धरनारी, एक वढनारी. माझ्या आईचं माझ्या जावेनं धरलं हुतं." त्यांनी साडीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. "धर घट. मी वढतो."

आमच्यात अशी काही रीत नाही. असती तर मला कुणी सांगितली असती. पण नागपूरच्या त्या खोलीत माझ्या समोर साडीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, हे मला तिथं, न्हाणीच्या ओल्या फरशीवर उभं असताना कळलं. त्यांनी ओढलं. साडी आवाज न करता फाटली, इतकी ती जुनी होती. मी रडायला लागले. आई गेली तेव्हा पोटातल्या पोराला त्रास नको म्हणून कुणीच मला रडू दिलं नव्हतं. ते सगळं तेव्हा बाहेर आलं.

आत्याबाई म्हणाल्या, "रड, रड. पर हात सोडू नगंस, वाकडं फाटंल."

काठ लंगोटाला घालत नाहीत, पोराला टोचतो. त्यांनी निळा काठ अलगद सोडवून बाजूला ठेवला आणि त्याच्या नाड्या केल्या. हिरव्या लुगड्याच्या लंगोटांना माझ्या आईच्या काठाच्या नाड्या. आतून पांढरी घडी, बाहेरून हिरवी. दुपारभर आम्ही कट्ट्यावर बसून टाके घातले. मितू त्यांच्या मांडीवर होती, मांड्यांना खोबरेल लावलेली, उघडीच. तिनं मांडी भिजवली तेव्हा मी ओशाळून उठले.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "वाळतंय की."

संध्याकाळी गल्लीच्या बाजूच्या तारेवर लंगोट वाळत होते, एकाची पांढरी बाजू वर, एकाची हिरवी. तेही येणारी-जाणारी माणसं बघत होती.

निघताना

राहा असं कुणी म्हणालं नाही. माझी गाडी ठरलेली होती त्या दिवशीच मी निघाले. मामंजी शेतावर गेले होते. शोभानं सांगितलं की ते मुद्दाम लवकर गेले. पण गुळाची एक ढेप माझ्या बॅगेशेजारी ठेवून गेले होते. आत्याबाई रिक्षापर्यंत आल्या. गल्लीतल्या चार बायका दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर आत्याबाई माझ्याशी काय बोलतील, याकडे त्यांचं लक्ष होतं आणि माझंही.

त्यांनी मितूची कुंची सारखी केली. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्ये लंगोट फाटलं की ये. माझी लुगडी हाईत अजून."

रिक्षा सुटली. मी "येते आत्याबाई" म्हणाले, ते त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

नागपूर

परतीच्या गाडीत मितूनं कुणाचीही साडी भिजवली नाही. जुन्या कापडानं शेवटच्या थेंबापर्यंत सगळं पिऊन घेतलं. प्लॅस्टिकच्या चड्ड्या बॅगेतच राहिल्या. खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा आत बंद हवेचा वास होता आणि सगळं मी ठेवून गेले तसंच होतं.

काकू लगेच आल्या. "काय दिलं मंग सासरच्यायनं?" साडी, चोळी, सोनं काही तरी निघेल या आशेनं त्या बॅगेकडे बघत होत्या. मी गूळ दिला आणि लंगोट दाखवले. काकूंनी एक हातात घेतला, उलटासुलटा केला. "बस? चिंध्या?"

"हो," मी म्हटलं, "चिंध्या."

दिलीप अजून आलेले नाहीत. फोन महिन्यातून एकदाच येतो. दिवस पूर्वीसारखेच आहेत, मितू आणि मी, आणि भिंतीपलीकडे काकूंचा रेडिओ. मी लंगोट रोज दोनदा धुते. जरा जास्तच घासते, असं काकू म्हणतात.

काल सकाळी मितूनं गादी भिजवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मी लंगोट सोडून उजेडात धरला. हिरव्या कापडाला मधोमध बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

मी गादी उन्हात टाकली आणि काकूंना म्हटलं, बावड्याला एक फोन लावायचा आहे.